विसाव्या पानावरचा खुनी

शेंदूरजनाघाटात कोणाची कोंबडी हरवली तरी देवमनराव आधी हजर. एसटीत कंडक्टर म्हणून बत्तीस वर्षं धारणीच्या गाडीवर काढली आणि निवृत्तीनंतर ते वाचनालयातल्या रहस्यकथांच्या कपाटाला चिकटले. त्यातल्या गुप्तहेरांनी डोक्यात असं घर केलं, की शेजारच्या वामनरावांची चप्पल हरवली तेव्हा ते भिंग घेऊन अंगणभर रांगले. महिना झाला, चप्पल काही सापडली नाही.

त्यात त्यांच्यावरच संकट आलं. आणलेल्या प्रत्येक पुस्तकात विसाव्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहिलेलं असे, आणि ते दर वेळी बरोबर निघे. म्हातारपणी एवढं एकच सुख उरलेलं, तेही कोणीतरी नासवत होतं. देवमनरावांना रडायचं तेवढं बाकी होतं.

पानावर पांढरा ठसा होता. ही कॅरमची पावडर, असं त्यांनी ताडलं. ग्रंथपाल सूर्यभान कॅरम खेळायचा. झालं, भर वाचनालयात त्याची उलटतपासणी झाली. बिचारा शपथा घेऊन थकला.

मग देवमनरावांनी सापळा लावला. कोरं करकरीत पुस्तक आणलं आणि शेवटचं प्रकरण सुई-दोऱ्यानं शिवून टाकलं. दोरा तुटल्याशिवाय खुनी कळणार कसा? पुस्तक घरातल्या फळीवर ठेवून ते चौकात चहाला गेले. परतले तर दोरा शाबूत आणि विसाव्या पानावर नाव हजर. घरात फक्त त्यांची बायको इंदूबाई होत्या, हात ज्वारीच्या पिठानं भरलेले.

"इंदू, तू?"

"मंग का करू? खुनी सापडल्याबिगर तुमी जेवाले उठत नाई. भाकर थंडी होते."

"पण शेवट तर शिवेल हाय. तुले नाव कसं समजलं?"

"शेवट कोन वाचते?" इंदूबाईंनी तव्यावरची भाकर उलटवली. "सैपाक होईपर्यंत वीस पानं होतेत. जो बिनाकामाचा गोड बोलते, थोच असते."

देवमनरावांनी दोरा कापून उभ्या उभ्या शेवट वाचला. गोडबोल्या डॉक्टरच खुनी होता. त्यांना आधी लाज वाटली, मग बायकोचा अभिमान वाटला. ते मुकाट्यानं ताटावर बसले. भाकर गरम होती.

दोन घास गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "अन् वामनरावची चप्पल?"

"दारात हाय," इंदूबाई म्हणाल्या. "महिना झाला, तुमीच घालून हिंडून राहिले."