पौंड एकवीस रुपयांना झाला, त्या सोमवारी

शुक्रवारी दुपारच्या टपालाने मिरियमताईंच्या परदेश प्रवासाची परवानगी आली आणि आम्ही मुंबईला जायचं ठरवलं. साल १९६६, जूनचा पहिला आठवडा. मिरियमताई आमच्या पनवेलच्या शाळेत माझ्याहून बऱ्याच वरिष्ठ शिक्षिका, पस्तिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई आणि धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी इस्राएलला गेले होते. तिथे आईने अंथरूण धरलं होतं. तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून आईला भेटून यायचं, एवढाच ताईंचा बेत होता. जहाजाचं जाण्या-येण्याचं भाडं त्यांनी शिकवण्या करून जमवलं होतं.

जहाज कंपनीची कचेरी शनिवारी अर्धा दिवस उघडी असे. "उद्याच मी जाऊन पैसे भरते," असं मी म्हणून पाहिलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली. ताई ज्यू, आणि शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, देवासाठी राखलेला विसाव्याचा दिवस. त्या दिवशी व्यवहार करायचा नाही आणि आपल्यासाठी दुसऱ्यालाही करायला लावायचा नाही. रविवारी कचेरी बंद. म्हणून सोमवार.

आता खाडीवरून पूल आहेत. तुम्ही गाडी काढाल आणि तासाभरात फोर्टात पोचाल. तेव्हा एसटी कळंबोली, शीळ फाटा, मुंब्रा करत ठाण्याला वळसा घालून जायची. तिकीट दोन रुपयांच्या आसपास असावं. आम्ही पहाटेची पहिली गाडी धरली. ताईंनी डब्यात चपात्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती, कारण त्या बाहेर सहसा खात नसत. खिडकीतून डोंगर दिसत होते, हवा कोंदलेली होती, आणि ताई आईसाठी काय काय न्यायचं ते मला सांगत होत्या: सुकं खोबरं, कोकम, नऊवारी लुगडं.

ठाण्याला एक गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन चढले. मधल्या रांगेतल्या कुणीतरी मथळा मोठ्याने वाचला. सरकारने रात्रीतून रुपयाची किंमत उतरवली होती. गाडीत गलका झाला. नेऱ्याहून भाजीच्या पाट्या घेऊन निघालेली एक बाई माझ्या शेजारी बसली होती. तिने मला विचारलं, "आमचा रुपाया आमच्याच गावान हाय, मंग त्याला काय झाला?" मी तिला नीट समजावू शकले नाही. बाहेरच्या देशांशी आपला व्यवहार ज्या भावाने चालतो तो भाव पडला, असं काहीसं बोलले. ताईंनी पर्स दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरली होती.

मुंबईत उतरून बेस्टने फोर्टात पोचलो तर कचेरीबाहेर दारापर्यंत माणसं उभी. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या कारकुनाने शांतपणे सांगितलं की भाडं पौंडात ठरतं आणि ते बदललेलं नाही. परवापर्यंत पौंड तेरा रुपये तेहतीस पैशांना होता. आजपासून एकवीस.

ताईंनी पैसे पुढे केले. त्याने कागदावर हिशेब केला आणि मान वर न करता म्हणाला, "जायचं होईल, बाई. यायचं नाही होणार."

मी ताईंना बाजूला घेतलं. भावाला कळवा, थोडं थांबा, वर्षभरात पुन्हा जमतील, असं जे सुचेल ते सांगत राहिले. परतीचं तिकीट नाही म्हणजे नोकरी गेली, भाड्याची खोली गेली, पनवेल गेलं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. ताई म्हणाल्या, भावाचं स्वतःचंच जेमतेम भागतं, आणि आईला वर्ष नाहीये.

माझ्या तोंडून निघून गेलं, "शनिवारी मला येऊ दिलं असतंत तर?"

त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. "कुसुम, तो दिवस माझा नव्हताच," त्या म्हणाल्या. "त्याचा भाव काढू नकोस."

मग त्यांनी काउंटरवर जाऊन एकेरी तिकीट मागितलं.

डबा आम्ही बंदराजवळच्या एका कट्ट्यावर बसून उघडला. चपात्या वातड झाल्या होत्या. ताईंनी अर्धी खाल्ली. समोर एक बोट लागलेली होती आणि लोक हात हलवत होते. ताई बराच वेळ ते पाहत राहिल्या, मग रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं न कळून डब्याचं झाकण लावत बसले.

परतीच्या एसटीने पनवेलला उतरल्यावर ताई घरी गेल्या नाहीत. थेट मुख्याध्यापकांकडे जाऊन त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या आठवड्यात घरी मलिदा केला: गोड पोहे, फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. आम्हा सगळ्या शिक्षकांना बोलावलं होतं. जायच्या दिवशी गावातल्या इस्राएल तलावाकाठून ताई पाण्याकडे न बघता चालत गेल्या.

काही वर्षांनी त्या पनवेलला आल्या, तिथे कमावलेल्या पैशांनी. तिथल्या नाण्याला आता आपले पूर्वीपेक्षा जास्त रुपये मिळत होते, त्यामुळे सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं. तीन आठवडे राहिल्या. त्यांच्याकडे तेव्हा जाण्या-येण्याचं तिकीट होतं, आणि त्यातलं 'येणं' आता तिकडचं होतं. पनवेलला त्या पाहुण्या म्हणून राहिल्या, हे मला फार लागलं.

एकदा मी विचारलंच, त्या सोमवारचं कधी वाईट वाटतं का.

वाटतं, असं त्या म्हणाल्या. शाळेचं वाटतं, माझं वाटतं. मग म्हणाल्या, "आई पुढे हिवाळाभर होती. भाऊ दिवसभर कामावर, शेजारी सगळे परक्या बोलीचे. ती दिवसभर मराठीत बोलायची, कुसुम. ऐकायला मी होते."

ताईंच्या तिकडच्या त्या घरापर्यंत मी अजून गेलेले नाही. माझ्या प्रवासाच्या नोंदींत ही एका दिवसाची मुंबई सर्वांत जवळची, तरी सर्वांत लांब मी त्याच दिवशी गेले, असं मला वाटतं.