‘बालिता’च्या शेवटची नावं

शारजाच्या रोल्ला भागात गनी मुकादमची व्हिडिओ लायब्ररी होती. दुकान केवढं, तर आत तीन गिऱ्हाइकं शिरली की चौथ्याने दारात उभं राहून पिक्चरचं नाव ओरडायचं. पण हर्णैहून आलेल्या या माणसाचा तोरा असा, की समोरच्याला वाटावं, सगळा सिनेमा यानेच काढलाय. त्याच्या कॅसेटमध्ये जाहिरात सापडत नसे. कॅसेटवरून कॅसेट उतरवताना तो टीव्हीसमोर ठाण मांडून बसे. जाहिरात लागली की रेकॉर्डिंग थांबवायचं आणि पिक्चर सुरू झाला की पुन्हा चालू करायचं. शेवटी पडद्यावर नावं यायला लागली की खलास! नावं बघायला कोण बसतं? तेवढीच फीत वाचते. त्याची बायको कुबरा म्हणायची, “अहो, जेवताना तरी त्या बटणावरचं बोट काढा.”

एक्क्याण्णव साली शेजारच्या गल्लीतल्या लेडीज सलूनमधली लुर्देस एक कॅसेट घेऊन दुकानात आली. मनिलाहून आलेली कॅसेट होती, पण तिच्या घरच्या व्हीसीआरवर नुसत्या करड्या रेघा उमटत होत्या. फिलिपीन्समधली टीव्हीची पद्धत वेगळी, आखातातली वेगळी. गनीकडे मात्र हौसेने घेतलेला मल्टिसिस्टीम व्हीसीआर होता, जगातली कुठलीही कॅसेट पचवणारा. त्याने ती लावली. जाड चष्म्याचा एक गृहस्थ टेबलामागे बसून काहीतरी वाचू लागला, आणि लुर्देस तोंडावर हात ठेवून हसत हसत रडायला लागली.

“ये कौनसा पिक्चर है?” गनीने विचारलं.

“पिक्चर नहीं, गनीभाई. बालिता! न्यूज!”

गनी चाटच पडला. बातम्या? दहा दिवसांच्या शिळ्या बातम्या बघून रडतं कोण?

पण तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. एव्हलिन नावाची एक हवाई सुंदरी बर दुबईत अल मनखूलला राहायची. तिची आई मनिलात रोज संध्याकाळी या बातम्या टेप करून ठेवायची. एव्हलिन दर आठवड्याला ती कॅसेट आणायची आणि उतरवून झाली की परत न्यायची. गुरुवारी गनी तिच्या सहा प्रती काढी, आणि शुक्रवारी त्या शारजा-दुबईतल्या फिलिपिनो बिऱ्हाडांतून फिरत. कार्यक्रमाचं खरं नाव काही का असेना, रोल्लात सगळे त्याला ‘बालिता’च म्हणत. बालिता म्हणजे बातमी. हा शब्द आपल्या ‘वार्ते’चाच दूरचा भाऊबंद आहे म्हणतात. कुठल्या जहाजात बसून तो तिकडे गेला, कोण जाणे!

गनीला एक अक्षर कळत नसे, तरी प्रती काढताना बघावंच लागे. ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेली गावं त्याने पाहिली, रस्त्यांवरून वाहणारी माणसं पाहिली, आणि चष्मेवाल्याचे केस वर्षावर्षाला पांढरे होत गेलेलेही पाहिले. पूर्वी या बातम्या इंग्रजीत असत, असं एव्हलिनने एकदा सांगितलं. मग कुणीतरी त्या लोकांच्या भाषेत आणल्या आणि तिच्या आईची भाजीवालीसुद्धा टोपली खाली ठेवून ऐकायला लागली. हे गनीच्या डोक्यातून जाईना. एक माणूस टेबलामागे बसून आपल्या भाषेत बोलतो आणि समुद्रापार सलूनमधली बाई हातातली कात्री थांबवते! ही काय जादू म्हणायची?

पुढे डिश आल्या. मनिलात चष्मेवाल्याने तोंड उघडलं की त्याच घटकेला रोल्लातल्या चौथ्या मजल्यावर ऐकू यायला लागलं. दोन हजार दोनपर्यंत गनीच्या दुकानात कॅसेटींच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकू लागली होती. पण डिश येण्याआधीच्या, चौऱ्याण्णवच्या एका शुक्रवाराबद्दल बोलताना हा बडबड्या माणूस आजही आवाज खाली आणतो.

त्या आठवड्यात इथल्या इंग्रजी पेपरात चार ओळी आल्या होत्या: फिलिपीन्सच्या बेटांमध्ये वादळात एक प्रवासी बोट बुडाली. लुर्देसचा धाकटा भाऊ त्याच बोटीने गावच्या जत्रेला निघणार होता. तसं त्याचं पत्रच आलं होतं. गावात फोन नव्हता आणि जवळच्या शहराची लाइन वादळाने तोडलेली. लुर्देसने आठ दिवस कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. सलूनमध्ये ती बायकांचे केस कापत होती आणि तोंडाने सारखं एकच, “हेसूस, हेसूस.” भावाचं नाव.

आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी सकाळी बाकीच्या मैत्रिणी चर्चला गेल्या. लुर्देस मात्र गनीने शटर वर करायची वाट बघत पायरीवर बसून होती. त्याने आदल्या दिवशी काढलेली प्रत लावली. बोट दिसली. उलटी झालेली, लाल पोटाची. चष्मेवाला सावकाश काहीतरी म्हणाला, लुर्देस पुढे सरकली, आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

“गनीभाई, नेम्स कहाँ?”

“कौनसा नेम्स?”

“वो बोला, जो लोग बच गया, उनका नाम अभी आएगा. अभी! नाम कहाँ गया?”

गनीच्या पायाखालची जमीन सरकली. नावं तर आली होती. निळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकायला लागलेली त्याने आदल्या दिवशी पाहिली होती आणि नेहमीप्रमाणे थांबवलं होतं. गेली तीन वर्षं तो हेच करत आला होता. हरवलेली पोरं, इस्पितळात बेवारशी पडलेली माणसं, वादळातून वाचलेले, सगळ्यांची नावं कार्यक्रमाच्या शेवटी येत होती. इकडे कुणाला ते ठाऊकच नव्हतं, कारण गनीने ती कधी पोचूच दिली नव्हती.

“मैंने काटा,” तो म्हणाला. खोटं बोलायला त्याला जमलं असतं, पण बोलला नाही. “मुझे लगा, पिक्चर का नाम है.”

लुर्देस पडद्यावरच्या मुंग्यांकडे बघत राहिली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मूळ कॅसेट रात्रीच एव्हलिनकडे परत गेली होती. गनीने कुबराला वरच्या खोलीतून खाली बोलावलं, लुर्देसला तिच्या हवाली केलं आणि टॅक्सी धरली. अल मनखूलला पोचला तेव्हा एव्हलिन युनिफॉर्म घालून जिन्यात उभी होती आणि खाली कंपनीची गाडी हॉर्न वाजवत होती. तिने तिथेच जिन्यात बॅग उघडली, घडी केलेले कपडे भराभर बाजूला फेकले आणि तळातून कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. त्या दिवशी गनीचा जुम्म्याचा नमाज चुकला. चुकला म्हणजे चुकला. त्याची सबब त्याने कुणालाही सांगितली नाही.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून त्याने कॅसेट लावली. लुर्देसने टीव्हीकडे पाठ केली. “मैं नहीं देख सकती. तुम देखो. हेसूस देखो, बस.”

गनी बघू लागला. ‘ह’ म्हणजे इंग्रजी एच, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं. नावं वर सरकत होती, बोटींनी जसजशी माणसं उचलून आणली तशी, कसल्याही क्रमाने नाही. एकदा एच दिसला, पण तो कुणी हर्मिनियो होता. नावं सरकत राहिली. मग पडदा काळा झाला.

हेसूस नव्हता.

हे सांगायचं कसं? तीन वर्षांची ओळख, पण त्याने कधी तिचं आडनावही विचारलं नव्हतं. वहीत नुसतं लिहिलेलं होतं, लुर्देस, सलूनवाली. “टेप थोडा खराब है,” तो कसाबसा म्हणाला. “फिर से देखता हूँ.”

कुबराने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ती समजली. लुर्देसचा हात न सोडता ती मराठीत म्हणाली, “या खेपेला मोठ्याने वाचा. माणसांची नावं आहेत ती. किराण्याच्या यादीसारखी नुसती डोळ्यांनी काय चाळताय?”

तेव्हा गनी वाचू लागला. आयुष्यात त्याने कधी इतकं सावकाश काही वाचलं नव्हतं. रोमेल. कोराझोन. हर्मिनियो. टिओडोरा आणि तिच्याबरोबर दोन मुलं. ज्यांची तोंडं त्याने पाहिली नव्हती, ज्यांची भाषा त्याला कळत नव्हती, ती माणसं समुद्रातून जिवंत वर आली होती आणि एकेक करून त्याच्या तोंडून बाहेर पडत होती. पुढचं नाव बघून तो जरा अडखळला. हे तर ईसा पैगंबरांचं नाव. ख्रिस्ती लोक तर त्यांना देव मानतात, आणि तेच नाव पोराला? पण वाचायचं तर सगळं वाचायचं.

“जीसस विलामोर. एज नाइन्टीन.”

लुर्देस गर्रकन वळली. “क्या बोला?”

“जीसस...”

“हेसूस!” ती किंचाळली. “हेसूस! गनीभाई, हमारे यहाँ जे लिखता है, ह बोलता है! मेरा हेसूस!”

गनीने चित्र थांबवलं. थांबवलेलं चित्र थरथरत होतं, त्यातून आडवी रेघ फिरत होती, आणि लुर्देस गुडघ्यांवर बसून त्या अक्षरांवर तळवा टेकवून होती. कुबराने पदराने डोळे पुसले. गनीलाही रडू फुटत होतं, पण भीतीही तेवढीच वाटत होती: पहिल्या खेपेला हेच नाव आपल्या डोळ्यांसमोरून गेलं आणि आपल्याला ओळखू आलं नाही. लाहौल विला कूवत! दुसऱ्यांदा वाचलं नसतं तर?

बऱ्याच वेळाने लुर्देस उठली. चेहरा पुसून म्हणाली, “रुको मत, गनीभाई. आगे पढ़ो. बाकी लोग को चर्च से बुलाती हूँ, किसी का तो कोई होगा.” आणि ती अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पळाली.

“किती आहेत अजून?” कुबराने विचारलं.

“असतील शंभरेक,” गनी म्हणाला. त्याने वही ओढली, पेन्सिल घेतली आणि पुढचं नाव मोठ्याने वाचत लिहून घेतलं.