दहा अंशांची मान

काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शैला पारकरने बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. परळच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्यांत ती एकटीच बाई, म्हणून जरा कोणी घाबरट आलं की तिच्याकडे पाठवलं जायचं. नवऱ्याने शिकवायला घेऊन दुसऱ्याच दिवशी रडवलेल्या बायका, रिटायर झाल्यावर हौस आलेले मास्तर, टेस्टमध्ये दोनदा नापास झालेले तरुण. शैला कोणावर ओरडायची नाही. तिच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच असायचा, आणि समोरच्याची चूक व्हायच्या आत तिचा पाय तिथे पोचलेला असायचा.

एकाच गोष्टीवर ती अडून बसायची. लेन बदलताना नुसतं आरशात बघून भागायचं नाही. मान वळवून खांद्यावरून मागे बघायचंच. गाडीच्या कडेला एक अख्खी स्कूटर मावेल एवढी जागा कुठल्याच आरशात येत नाही, हे ती प्रत्येकाला गाडीतून उतरवून, स्वतः त्या जागेत उभी राहून दाखवायची.

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका पुलाच्या चढावर शिकणाऱ्याची गाडी बंद पडली. मागे किती जागा आहे ते बघायला शैलाने मान वळवली, आणि त्याच क्षणी मागून टेम्पो आदळला. शिकणाऱ्याला खरचटलंसुद्धा नाही. शैलाच्या मानेतला अगदी वरचा मणका मोडला. ऑपरेशन करून दोन मणके स्क्रूने एकमेकांना जोडून टाकावे लागले. तीन महिने गळ्यात पट्टा होता. तो निघाला तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की बाई, तुम्ही वाचलात हेच खूप आहे. पण मान आता थोडीशीच वळेल, आणि रस्त्यावर शिकवायचं काम विसरा.

शैला विसरायचा प्रयत्न करत होती. सकाळी उठून गॅलरीत बसायची, खाली गाड्या लावणाऱ्यांच्या चुका मनातल्या मनात मोजायची आणि मग तेही बंद करून आत यायची. शेजारीण काही बोलायला डाव्या बाजूने आली तर तिला सगळं अंग वळवावं लागे. लोकांना वाटायचं, शैलाला आता गर्व झालाय.

घरात दुसरा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ उन्मेष. वय सेहेचाळीस, दादरला चष्म्याच्या दुकानात नोकरी, लग्न झालं होतं पण टिकलं नव्हतं. सोमवारी त्याला सुट्टी. त्या दिवशी तो काँप्युटरवर रेसिंग खेळायचा. शैलाला आधी तो पोरखेळ वाटला होता, पण त्यात स्टिअरिंग खरं होतं, पायाशी पेडल होते आणि गाडी घसरायला लागली की स्टिअरिंग हातात धडधडायचं. स्टिअरिंग त्याने आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळून बसवलं होतं. ब्रेक दाबला की पेडल लादीवरून मागे सरकायचे, म्हणून त्यांच्यामागे मसाल्याचा पाटा टेकवलेला असायचा.

अडचण एकच होती. समोर एकच स्क्रीन असल्यामुळे उन्मेषला फक्त पुढचं दिसायचं. बाजूने कोणी आलं की कळायचं नाही, आणि दर दोन फेऱ्यांनी तो कोणाला तरी घासायचा. ज्यांच्याबरोबर तो इंटरनेटवरून खेळायचा त्यांच्याकडे तीन-तीन स्क्रीन होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे कॉट ओढल्याशिवाय कपाट उघडत नाही, तिथे तीन स्क्रीन कुठे ठेवणार?

मग त्याला कोणीतरी सांगितलं, की एक साधा वेबकॅम पुरतो. कॅमेरा तुमचा चेहरा बघत राहतो. तुम्ही डावीकडे मान वळवली की खेळातल्या ड्रायव्हरचीही मान वळते आणि स्क्रीनवर गाडीची डावी काच येते. डोक्यावर काही घालायला नको, आणि त्याचा प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळतो. लॉकडाऊनमध्ये घेतलेला वेबकॅम माळ्यावर पडूनच होता.

पुढचे तीन सोमवार त्यातच गेले. आधी कॅमेऱ्याला चेहराच दिसेना, कारण उन्मेषच्या पाठीमागे खिडकी होती आणि उजेडात तो नुसता काळा ठोकळा दिसत होता. खिडकीला चादर लावली. मग चेहरा सापडला, पण स्क्रीनवरचं चित्र ताप भरल्यासारखं थरथरायला लागलं. ते कमी करायला गेलं तर मान वळवल्यावर चित्र सावकाश, झोपेतून उठल्यासारखं मागून यायला लागलं. मधला मार्ग काढता काढता एक दुपार गेली. एकदा तर सगळं अचानक एकदम छान, स्थिर झालं. उन्मेष खूश. त्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, स्क्रीन हलायला तयार नाही. शैला स्वयंपाक करता करता बघत होती. तिनेच सांगितलं, की अरे, तो तुझ्याकडे बघतच नाहीये, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघतोय. आणि तसंच निघालं. कॅमेऱ्याने उन्मेषला सोडून बाबांचा चेहरा धरून ठेवला होता. बाबांच्या फोटोवर त्या दिवसापुरता रुमाल घातला, त्यांची माफी मागून.

चौथ्या सोमवारी उन्मेषला समोर बसून कोणीतरी हवं होतं. स्वतः खुर्चीत बसलं की आकडे बदलता येत नव्हते, आणि आकडे बदलायला उठलं की चेहरा हलत होता. त्याने ताईला बसवलं. ती इतकी ताठ बसायची की याहून चांगलं माणूस मिळालंच नसतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक गुलाबी ऑक्टोपस होता. त्या प्रोग्रॅममध्ये माणसाच्या डोक्याऐवजी तोच दाखवलेला होता. शैला हलली की तो हलायचा. उन्मेषने तिला जमेल तेवढं डावीकडे बघायला सांगितलं. तिने बघितलं. ऑक्टोपस जेमतेम वळला. बाजूला आकडा आला तो बाराचा.  धडधाकट माणसाची मान सत्तर-ऐंशी अंश वळते हे उन्मेषला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, जाऊ दे, दुसऱ्या कोणाला तरी बसव.

"थांब गं ताई," उन्मेष म्हणाला. "इथे मान किती वळली आणि खेळात किती वळवायची, हे वेगळं ठरवता येतं."

प्रोग्रॅममध्ये आलेखावर एक रेघ होती. आडव्या बाजूला खरी मान, उभ्या बाजूला खेळातली मान. ती रेघ माउसने ओढून त्याने खूप उभी केली. मधला एक-दोन अंशांचा भाग सपाटच ठेवला, म्हणजे नुसत्या श्वासाने चित्र हलणार नाही. पुढे मात्र खरे दहा अंश म्हणजे खेळातले ऐंशी. मग त्याने उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली एक साधी गाडी निवडली, कारण डाव्या हाताच्या गाडीला शैलाने हात लावायला नकार दिला होता. रस्ता कुठल्यातरी परदेशी डोंगरातला, रिकामा, फक्त मागून पुढून चार-सहा गाड्या सोडलेल्या.

शैलाने क्लच दाबला, पहिला टाकला आणि गाडी सावकाश काढली. आठ महिन्यांनी पायाला पेडल लागत होता. एका वळणानंतर तिला डाव्या लेनमध्ये जायचं होतं. हात आपोआप इंडिकेटर शोधायला गेला, आणि तिने आरशात बघून, सवयीने, मान वळवली. मान नेहमीसारखी वाटेतच अडली. पण स्क्रीन अडली नाही. डाव्या दाराची काच सरकत समोर आली, मग मागचं दार, मग मागच्या चाकाशी, आरशात न येणाऱ्या त्याच जागेत चालत असलेली एक निळी गाडी.

शैलाने लेन बदलली नाही. निळी गाडी पुढे जाऊ दिली.

"दिसता रे," ती म्हणाली. "मागची गाडी दिसता माका."

आई गेल्यापासून त्या घरात कोणी मालवणी बोलत नव्हतं. उन्मेषने उगाच कॅमेऱ्याची वायर सारखी केली आणि चहा टाकायला उठला. शैला त्या डोंगरावरून पाऊण तास गाडी चालवत राहिली. वेग पन्नासच्या वर नेला नाही. तिच्या मागे हॉर्न वाजवणारं कोणी नव्हतं, तरी ती प्रत्येक वळणावर कडेला बघत होती. खुर्चीतून उठल्यावर डोकं गरगरलं, उलटी येईलसं वाटलं, म्हणून उन्मेषने रेघ थोडी कमी उभी केली. दहाचे साठच. तेवढेही पुरत होते.

त्यानंतर ती रोज दुपारी अर्धा तास बसायला लागली. चाळीत बातमी फिरली. बाजूच्या खोलीतली मेघना सावंत एक दिवस बघायला आली. ती एका बँकेत होती. तिच्याकडे सहा वर्षांपूर्वीचं लायसन्स होतं आणि नवऱ्याची गाडी खाली धूळ खात उभी होती, कारण एकदा स्कूटरवाला तिच्या दाराला आपटला तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. शैलाने तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसली. मेघनाची मान चांगली होती, म्हणून उन्मेषने तिच्यासाठी रेघ वेगळी करून दिली.

पहिल्याच दिवशी शैलाच्या एक गोष्ट लक्षात आली. बावीस वर्षं तिला कधीच नक्की कळलं नव्हतं, की शिकणारा खरंच मागे बघतोय की नुसतं बघितल्यासारखं करतोय. तिचे डोळे रस्त्यावर असायचे. आता तिला रस्त्याकडे बघायची गरज नव्हती. कोपऱ्यातला ऑक्टोपस बघितला की पुरे. मेघना लेन बदलायची आणि म्हणायची, बघितलं मी, शैलाताई. शैला शांतपणे सांगायची, की ऑक्टोपस हलला नाही. परत. मेघना हसायची आणि परत करायची. तिसऱ्या आठवड्यात स्टिअरिंग फिरायच्या आधीच ऑक्टोपस वळायला लागला, आणि मेघनाला ते कळलंही नाही.

शैलाने हे ट्रेनिंग स्कूलचे मालक विकास राणे यांना फोन करून सांगितलं. ते आधी म्हणाले, की बाई, व्हिडिओ गेमवर कोणी गाडी शिकतं का? शैलाने वाद घातला नाही. तिने त्यांना चहाला बोलावलं आणि खुर्चीत बसवलं. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या राणेंनी पहिल्या दहा मिनिटांत सात वेळा लेन बदलली, आणि ऑक्टोपस दोनदा हलला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, शैलाकडे बघितलं, आणि म्हणाले की हे कोणाला सांगू नका. पुढच्या महिन्यापासून स्कूलच्या मागच्या खोलीत टेबल, स्टिअरिंग आणि वेबकॅम आला. नवीन माणूस रस्त्यावर जायच्या आधी चार दिवस शैलाकडे बसणार, असं ठरलं.

पण सगळं सरळ झालं असं म्हणता येणार नाही. एका रविवारी सकाळी मेघनाने नवऱ्याची गाडी बाहेर काढली आणि शैलाताई बरोबर असल्याशिवाय चालवणार नाही म्हणून हट्ट धरला. शैलाने डॉक्टरांना विचारून घेतलं. मागच्या सीटवर, पट्टा लावून, हळू गाडीत, मानेमागे उशी घेऊन चालेल, असं ते म्हणाले. पुढे मेघनाशेजारी तिचा नवरा अभय बसला. त्याला बोलायची बंदी होती. कॉटन ग्रीनच्या बाजूला गोदामांमधले रुंद रस्ते रविवारी रिकामे असतात, तिथे तिघं गेले.

मेघना चांगली चालवत होती. एका उभ्या ट्रकला मागे टाकायची वेळ आली आणि शैलाने उजवीकडे मान वळवली, रोज दुपारी वळवायची तशी, बेतानेच, दहा अंश. काहीच झालं नाही. समोर अभयच्या सीटची पाठ आणि मेघनाच्या सीटची कड होती, तेवढीच. मागचं जग तिच्यासाठी सरकत समोर आलं नाही. क्षणभर तिला आपण कुठे आहोत तेच कळेना.  इतके आठवडे तिला वाटत होतं की काहीतरी परत मिळालंय, आणि इथे खऱ्या रस्त्यावर ती होती तेवढीच होती, दोन स्क्रू आणि बारा अंश.

मेघनाने आरशातून तिच्याकडे बघितलं असावं. गाडी हळू झाली.

"शैलाताई, बरं वाटतंय ना?"

शैलाने हो म्हटलं. मग थोडं थांबून ती म्हणाली, "मला उजवीकडचं दिसत नाही, मेघना. तू बघ आणि मला सांग. मोठ्याने सांग."

मेघनाने मान वळवली. पूर्ण, खांद्यावरून. "मागे एक सायकलवाला आहे. दूधवाला वाटतो. जवळ येतोय."

"मग?"

"मग तो जाईपर्यंत थांबते."

दूधवाला टिंगटिंग करत बाजूने गेला. मेघनाने पुन्हा बघितलं, रस्ता रिकामा आहे म्हणून सांगितलं, आणि ट्रकच्या बाजूने गाडी काढली. शैला मागे टेकून ऐकत राहिली. शिवडीच्या वळणापर्यंत मेघना तिला सगळं सांगत गेली. डावीकडे कुत्रा, उजवीकडे बंद टपरी, मागे कोणी नाही. अभयलाही ते इतकं सवयीचं झालं की तोसुद्धा मधूनच मागे वळून बघायला लागला.

स्कूलमधल्या मागच्या खोलीत आता सोमवार, बुधवार, शुक्रवार शैला असते. चौथ्या दिवशी ती प्रत्येकाकडून डोळ्यांनी दिसेल ते तोंडाने बोलवून घेते, आणि ज्याचा आवाज येत नाही त्याला पाचवा दिवस देते.