कुंदाबाईंची उलट फेरी

कुंदाबाईंना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून पुस्तक काढताय, मलाही लिहायला सांगितलंत. मी आठवी पास. शब्दांची फुलंबिलं जमणार नाहीत. घडलं ते लिहितो.

बाईंची पहिली भेट माझ्या देवासच्या गॅरेजात झाली. त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. धारजवळच्या रस्त्याच्या सरळ पट्टीवर त्यांचे जुने विद्यार्थी गाड्यांच्या शर्यती भरवतात. वेळेवरून हाणामाऱ्या व्हायच्या, म्हणून त्यांनी बाईंना आणलं. मी सांगत होतो, माझी गाडी सगळ्यांत जोरात पळते, मोबाईलवर मोजलीय.

"बटण कुणी दाबलं?" बाईंनी विचारलं.

"मीच की."

"मग ती गाडीची वेळ नाही, शंकरराव. तुमच्या हौसेची आहे."

राग आला. पण खरं होतं.

बाईंनी पट्टीच्या दोन्ही टोकांना प्रकाशकिरणाची यंत्रं बसवून घेतली. चाक पहिल्या किरणातून सुटलं की वेळ सुरू, शेवटचा किरण तोडला की बंद. माणसाचा हात मध्ये नाही. शिवाय प्रत्येक गाडी उलटीही पळवायची. जाताना वारा पाठीवर, येताना तोंडावर, दोन्हींची सरासरी खरी. आणि दर फेरीआधी चारही टायरची हवा बाई स्वतः मोजतात. गाडीच सारखी नसेल तर आकडे जुळवून काय करायचं, म्हणतात. लोक कुरकुरतात. बाई ऐकत नाहीत.

मला त्या उलट फेरीची धास्ती आहे. कारण गाडी माझी मुलगी रेवा चालवते. एक फेरी सुखरूप झाली म्हणून देवाला हात जोडावे, तर बाई म्हणतात, आता परत.

मागच्या थंडीत रेवानं पहिली फेरी अशी मारली की तिथं आजवर कुणी मारली नव्हती. लोक नाचायला लागले. मी बाईंकडे धावलो.

"बाई, झालं ना! लावा विक्रमाच्या फलकावर नाव. दुसरी नको."

"वारा पाठीवर होता."

"असू दे वारा! पोरगी आहे माझी."

"म्हणूनच तिच्या नावावर अर्धं मोजमाप लावणार नाही."

मागून कुणी ओरडलं, "अरे भिया, बाईंना घरी सोडा, जेवण थंड होतंय!"

बाईंनी वळूनही पाहिलं नाही. गुडघे दुखतात, तरी रस्त्यावर बसल्या. मागच्या उजव्या टायरशी थांबल्या. परत मोजलं.

"रेवा, उतर."

हवा कमी होती. टायर काढला तर आतल्या बाजूला चीर. त्याच टायरवर ती परत सुटणार होती. मी तिथंच खाली बसलो.

रेवा भांडली. "बाई, दूसरा टायर लगा देते हैं ना! एकच फेरी राहिलीय."

"टायर बदलला की दोन्ही फेऱ्या पहिल्यापासून. आणि ऊन उतरलंय. आज नाही."

रेवा रडली. बाईंनी आपल्या डब्यातली दशमी मोडून अर्धी तिच्या हातात ठेवली. समजावणं वगैरे काही नाही. दोघी खात बसल्या.

रेवाचं नाव फलकावर लागलं नाही. ती पुन्हा उतरणार आहे, माझं ऐकत नाही. हिंदीत शिकली, हे तिला मलाच वाचून दाखवावं लागेल.

परवा हवा मोजताना बाईंचा हात थरथरला. मी पाहिला. तेव्हापासून झोप नाही.

बाई, शंभर वर्षं जगा म्हणायची रीत आहे. मी मतलबी माणूस, माझं मागणं वेगळं. डोळे जपा, गुडघ्यांचं औषध वेळेवर घ्या. रेवा गाडीत बसते आहे तोवर तुम्ही त्या टायरपाशी बसलेल्या मला दिसायला हव्यात. मग खुशाल म्हणा, आता परत. मी गप्प उभा राहीन.