तळ्यावर मशीन कुणी धाडलं

रांजणगावच्या एमआयडीसीत मी कंत्राटावर होतो. एका हिवाळ्यात कंपनीनं आमची अख्खी लाइन बंद केली आणि त्यानंतर मी नुसता एका गेटवरून दुसऱ्या गेटवर फिरत राहिलो. सगळीकडं माझ्यासारखीच पोरं उभी असायची, काही मराठवाड्यातली, काही पार बिहारची. वॉचमन लांबूनच हात हलवायचा.

उन्हाळा लागला तशी बातमी आली, की रोजगार हमीतून आमच्या वाडीच्या तळ्यातला गाळ काढायचाय. आमची वाडी कवठे येमाईच्या अलीकडं, कोरड्या अंगाला. तळ्याला लागून ज्यांची विहीर आहे ते शेजारचे आप्पा म्हणाले, "इतकी वर्सं कुणाला तळं दिसलं न्हाई. आत्ताच कसं दिसलं?" आईलाही तसंच वाटत होतं. तरी तिनं स्वतःचं आणि माझं, दोघांचंही नाव दिलं. "संशय घरी बसून बी येतू आन् कामावर बी येतू," म्हणाली. "मंग कामावरच जाऊ."

कामावर बाया जास्त होत्या. हजेरी घ्यायचा तो गावचा रोजगार सेवक शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. सकाळी आणि दुपारी तो मोबाइलवर आमचा फोटो काढून वर पाठवायचा. फोटो गेला नाही तर मजुरी नाही, असं त्यानंच सांगितलेलं. रेंज नसली की तो बांधावर चढून हात उंच करून फिरायचा. आम्ही पाट्या खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहायचो. खरंच रेंज नाही, की याला आमची हजेरी लावायचीच नाही? हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच असायचं.

बाजाराच्या दिवशी काम बंद असे. अशाच एका बाजारातून आम्ही परत आलो, तर तळ्यातून धुरळा उठलेला. जेसीबी गाळ उपसत होता आणि डंपर भरत होता. आईनं पिशवी माझ्या हातात दिली, तळ्यात उतरली आणि मशीनच्या पुढ्यात जाऊन बसली. तिच्यामागं बाकीच्या बायाही बसल्या.

ड्रायव्हर कोवळाच होता. मी ओरडलो तसा तो खाली उतरला. "हमको क्यों डाँट रहे हो भैया? सेठ ने बोला, मिट्टी निकालो."

"कोण सेठ?"

"नाम नहीं मालूम. फोन आया था."

तेवढ्यात रोजगार सेवक गाडीवरून आला. आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "तुला ठाऊक हुतं का रं?"

"आईशप्पथ, न्हाई मावशी." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तू तरी इस्वास ठेव."

मी जाऊन आईशेजारी बसलो. तो नुसता घाम पुसत उभा राहिला. दिवस मावळायच्या आत जेसीबी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शिरूरहून इंजिनियर साहेब आले. मशीन आम्ही मंजूर केलेलं नाही, असं ते म्हणाले. पण जाता जाता आईला म्हणाले, "मावशी, हातानं पावसाळ्याआधी उरकणार नाही. मशीननं लवकर झालं असतं. पाणी तुमच्याच गावाला मिळणार ना?"

"पाणी पाऊस पडल्यावर मिळंल साहेब. पोरगं आत्ता बसून हाय. सरकारनं पैका तळ्यासाठी दिलाय का कामासाठी?"

"दोन्हीसाठी."

"मंग मशीनला कुठं जेवाय लागतंय?"

बाया हसल्या. साहेबही हसले आणि गाडीत जाऊन बसले.

मशीन कुणी धाडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही खोऱ्या-पाट्यांनी काम केलं. मजुरी उशिरा आली, पण आली. साहेब म्हणाले होते तसंच झालं, आप्पांच्या विहिरीकडचा कोपरा जवळजवळ तसाच राहिला. त्या वर्षी तो लवकर आटला, त्याच्याबरोबर विहीरही आटली आणि आप्पांनी आईशी बोलणं टाकलं. "हिच्या मजुरीपायी माझी हीर गेली," असं ते पारावर सांगत फिरले. आईचं म्हणणं वेगळंच. मशीननं पहिला खड्डा नेमका त्यांच्याच कोपऱ्यात घेतला होता, मग तो फोन कुणाचा, असं ती विचारते. मलाही ते पटतं. पण मग वाटतं, सगळ्यांत जास्त गाळ तिथंच होता, ड्रायव्हरनं दुसरीकडून कशाला सुरुवात केली असती?

मला पुढं दुसऱ्या कंपनीत काम लागलं, तेही कंत्राटावरच. मध्यंतरी न्हावऱ्याच्या स्टँडवर रोजगार सेवक भेटला. आम्ही चहा घेतला.

"अजून तुला वाटतंय ना, म्याच बोलावला जेसीबी?" त्यानं विचारलं.

"न्हाई रं."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग कप तसाच ठेवून म्हणाला, "तुझी यष्टी लागली बघ." एसटी खरंच लागली होती. मी चढलो. खिडकीतून हात केला, तोवर त्यानं पाठ फिरवली होती.