आठशे एक्क्याण्णवचं माप

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्तच हसाल, म्हणून हसाच! नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी जे दिवे लावले, त्यांचा उजेड लाखांदूरकडच्या त्या गावात अजून पडतो म्हणतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून ग्रंथपालनाचा कोर्स करून आलेली मी. अख्ख्या तालुक्यात शिकलेली ग्रंथपाल म्हणजे मी एकटीच, मग काय विचारता! डोक्यात एकच ध्यास, सगळं गाव वाचनालयात आलं पाहिजे. गाव मात्र येईना. ज्यांनी पुस्तकं नेली, ते तर परत करायलाही येईनात.

त्यातला अव्वल म्हणजे सखाराम शिंपी. सात दिवसांच्या बोलीवर त्यानं एक नाटक नेलं, त्याला दोन महिने झाले. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्राच. आणि आमच्याकडे मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकाचा सखाराम प्रॉम्प्टर, विंगेतून सगळ्यांना वाक्यं पुरवणारा.

"सखारामभाऊ, पुस्तक?"

"मंडई होऊ द्या ना म्याडम! कायले घाई करून राहिल्या?"

कायले? अहो, नियम नावाची काही चीज आहे की नाही? मंडईच्या दिवशी दुपारी मी तडक त्याच्या घरी गेले. दार सताड उघडं, घरात कोणी नाही, आणि शिलाई मशीनवर माझं पुस्तक! उचललं. दोन महिने तालीम झालीय, आता पुस्तक कोणाला लागतं? पण आपण काही चोर नाही. कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे चिठ्ठी लिहून ठेवली: पुस्तकाचा नुसता वर्गांक, म्हणजे कपाटातल्या जागेचा नंबर, ८९१.४६२, खाली तारीख, सही. झालं काम! पुस्तक कपाटात, किल्ली कमरेला.

संध्याकाळी मी ऐटीत पहिल्या रांगेत. पडदा वर गेला. राजा आला. उभा राहिला. मिशी पिळली. विंगेकडे पाहिलं. पुन्हा मिशी पिळली.

"कोण आहे रे तिकडे? पाणी आण!"

सेवकानं तांब्या आणला. राजा प्यायला, विंगेकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पाणी आण!"

पाचव्या तांब्याला लोक टाळ्या वाजवायला लागले. मला मात्र आता उमगलं. एकाही नटाला एकही वाक्य पाठ नव्हतं हो! सगळा भरवसा सखारामवर, आणि सखारामचा पुस्तकावर.

तेवढ्यात सखारामच स्टेजवर धावत आला. "पुस्तक चोरीले गेलं हो!"

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "तलावापल्याडच्या गावाचं काम हाये हे! आपलं नाटक पाडाले आले!"

पल्याडच्या गावची पाहुणेमंडळी तिथंच बसलेली. तीही उठली. "आमाले चोर म्हनता?" बघता बघता मांडवाचे बांबू सुटायला लागले.

आता करू काय? गप्प बसावं तर कोणाचं तरी डोकं फुटणार. बोलावं तर माझी इज्जत आणि नोकरी, दोन्ही गेल्या. स्टेजवर चढले. "मी नेलं" म्हटलं, तर कोणाला ऐकूच जाईना! शेवटी माईक धरला आणि ओरडले, "चोर मी आहे!"

भोंगे चारी दिशांना लावलेले. आकाशपाळण्यातल्या लोकांनीसुद्धा ऐकलं.

सखाराम तोंडाचा आ करून बघत राहिला. "तुमी? मंग सांगाचं तरी!"

"चिठ्ठी ठेवली होती ना मशीनवर!"

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "हे? आठशे एक्क्याण्णव? मले वाटलं, पडद्याचं माप देऊन गेलं कोनी! दुपारपासून फिरून राहिलो, पुस्तक पाहू का एवढा कपडा पाहू!"

मांडव असा हसला, की बांबू धरलेले हात ढिले पडले. मी धावत जाऊन पुस्तक आणलं. नाटक झकास झालं. फक्त पहिल्या अंकात राजाला तीनदा बाहेर जावं लागलं, पाच तांबे म्हणजे काय चेष्टा आहे?

दुसऱ्या दिवशी तोंड लपवून वाचनालय उघडलं. आणि काय सांगू, दारात एक म्हातारी उभी! वाचनालयात कधी पाऊल न टाकलेली! मला भरून आलं. घाईघाईनं रजिस्टर उघडलं. "या आजी, या! काय पाहिजे?"

आजीनं मला न्याहाळलं, मग कपाटाकडे बोट केलं.

"माही कोंबडी हरवली, बाई. म्हटलं, पहिले इथंच पाहून घ्यावं."