स्पीकरवरचा भाऊ

आमच्या जिन्याखाली आक्काचं दुकान. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, जे जे म्हणून बसून बसून खचलंय ते तिच्याकडे यायचं. जुनं रेक्झिन फाडायचं, पोळीसारखा चपटा झालेला फोम उपटून काढायचा, पट्टे ताणायचे आणि नवं कापड ओढून धरत कडेनं पिना ठोकायच्या. नवरा अकाली गेला, तेव्हा त्याचं दुकान आणि त्याच्या शिव्या दोन्ही तिनं नेटानं पुढं चालवल्या.

तिचा धाकटा भाऊ म्हणजे नट. साधासुधा नव्हे, नुसता दारातून आत आला तरी थिएटर हसायला लागायचं. रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर तो सिमेंट विकायचा, टीव्हीवर डोकेदुखीच्या गोळ्या. आक्कासाठी मात्र तो गबाळ्या. आई गेली तेव्हा शाळकरी होता. आक्कानं त्याला आंदण आणल्यासारखा लग्नातच सोबत आणला. तो फोमच्या कचऱ्यात झोपायचा, सदऱ्याचं एक टोक कायम बाहेर. सोफ्याच्या मागं दडून गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. "मेल्या, माझं गिऱ्हाईक पळवशील!" म्हणून आक्का धपाटा घालायची आणि पदरात तोंड खुपसून हसायची. लोक पुढं त्याच्या नाटकातल्या ज्या हेडक्लार्कवर जीव टाकायचे, तो मूळचा इथंच खुर्ची दुरुस्तीला घेऊन आला होता.

मोठा झाल्यावरही तो दर शनिवारी दुपारी, तोंडाला रंग लावायच्या आधी, आक्काला फोन करायचा. तिचे हात सोल्युशननं चिकट झालेले, म्हणून ती कोपरानं बटण दाबून फोन स्पीकरवर टाकायची. आधी ती सोय होती, मग सवय झाली, आणि सवयीची मिरवणूक कधी झाली ते कुणाला कळलंच नाही. लोक मुद्दाम शनिवार गाठून मोडक्या खुर्च्या आणू लागले.

"बोल गबाळ्या, स्पीकरवर आहेस. या बाईंना जरा तुझा हेडक्लार्क ऐकव."

तो ऐकवायचा. गिऱ्हाईक पोट धरून हसायचं. आक्काची मान अशी ताठ व्हायची, की जणू दुकानाला शिखर चढलंय. फोन ठेवताना तो म्हणायचा, "जेवलीस का?" तेवढंच काय ते तिच्या वाट्याचं.

एका शनिवारी त्यानं आधी विचारलं, "आक्का, दुकानात कोण आहे?"

"कोण नाही ते विचार! डॉक्टरीणबाई आहेत, पेंटर आहे, वरची आमची ही आहे. बोल की, स्पीकरवर आहेस."

मी तिथंच चहा पीत होते. पलीकडे त्यानं दोनदा घसा खाकरला. मग हेडक्लार्कचा तो घोगरा आवाज आला, "अर्ज आणलाय? नाही? मग उद्या या. उद्या आम्ही बंद असतो." पेंटरच्या नाकातून चहा आला. मीही हसले.

पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रश्न. आक्काचं तेच उत्तर. पुन्हा हेडक्लार्क. त्यानंतर फोन कमी झाले. "शूटिंग असेल," आक्का म्हणायची.

तो दवाखान्यात असल्याचं तिला दुकानातल्या टीव्हीवरून कळलं. धावत गेली, पण तोवर त्याचं बोलणं बंद झालं होतं. भावजय गळ्यात पडली. "वन्सं, तुम्हाला सांगितल्यावर ते किती सुटल्यासारखे झाले होते! मला म्हणाले, आक्काला सांगून टाकलं आजाराचं. ती म्हणाली, घाबरतोस काय, मी अजून मेले नाही. तुमच्या त्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी हे महिने काढले."

आक्कानं हो म्हणून मान हलवली. काय करणार होती? आतमध्ये तो नळ्यांत गुंतून पडलेला. चार दिवसांत गेला.

मग शोकसभा ठरली. थिएटरचा मॅनेजर आला. म्हणाला, "बहीण म्हणून दोन शब्द बोला. पण हलकंफुलकं हं, त्यांना रडकं आवडायचं नाही."

तो गेल्यावर आक्का मला म्हणाली, "मी खरं सांगून टाकणार. मला त्यानं काही सांगितलं नाही, कारण मी त्याला सांगूच दिलं नाही. भावजयीच्या तोंडावर बोलायचा धीर होत नाही गं. माईकवर बोलेन."

"आक्का, तिचं काय होईल?"

"आणि माझं काय होतंय, ते बघतेस ना रोज?"



सभागृह खचाखच भरलं होतं. आक्का माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आमचा गबाळ्या..." तेवढ्यानंच लोक खुलले. तिनं शनिवारचा फोन सांगितला. "तो विचारायचा, दुकानात कोण आहे? मी म्हणायची, बोल की, स्पीकरवर आहेस." सगळं सभागृह खदखदून हसलं. आक्का थांबली. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पहिल्या रांगेत भावजय बसली होती. तीही हसत होती, डोळे पुसत, तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

आक्कानं माईकचा दांडा घट्ट धरला. "आणि एकदा," ती म्हणाली, "त्यानं मला आजाराचं सांगितलं. मी म्हटलं, घाबरतोस काय, मी अजून मेले नाही."

टाळ्या थांबेचनात. पेपरात ते वाक्य चौकटीत छापून आलं.

आता गिऱ्हाइकं खुर्ची खाली ठेवायच्या आधी तेच बोलतात. परवा एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "बहीण असावी तर अशी. काय धीर दिलात हो!" आक्का सोफ्याच्या पोटातल्या गंजक्या पिना पकडीनं उपटत होती. तिनं मान वर केली नाही. गृहस्थ गेले.

"मी म्हटलं असतं गं," ती म्हणाली. "अगदी हेच म्हटलं असतं. माझं बोलणं त्याला तोंडपाठ होतं ना."

पीन अर्ध्यात तुटली. आक्कानं शिवी हासडली आणि दुसरी पकड शोधू लागली.